आजी-आजोबांचा जोडफोटो: वेगवेगळ्या फोटोंतून एक स्मृतिचित्र कसं करावं

भिंतीवर आजोबांचा फोटो वेगळा, आजीचा वेगळा. एक काळा-पांढरा, दुसरा लालसर पडलेला रंगीत, आणि दोन्ही चौकटी निराळ्या. पुष्कळ घरांत असं दिसतं, कारण दोघांनी शेजारी बसून काढलेला फोटो मुळात नसतोच. लग्नात फोटोग्राफर नव्हता, आणि पुढे आजी कायम कुणाच्या तरी बारशाच्या नाहीतर मुंजीच्या ग्रुप फोटोत कडेला उभी. मग नातवंडांपैकी कुणीतरी विचारतं, "दोघांचा एकत्र करून घ्यायचा का?"

जरूर करून घ्यावा. फक्त या कामात बिघडण्याच्या वाटा फार आहेत: जन्मभर धोतर-टोपीत वावरलेल्या आजोबांना चढवलेला कोट-टाय, मेणासारखा गुळगुळीत झालेला आजीचा चेहरा, मागे ढग आणि सूर्यकिरण. माझं मत पक्कं आहे. जोडफोटोत नवीन गोष्ट एकच असावी, ती म्हणजे दोघांचं जवळ असणं. चेहरा, कपडे, वय, कपाळावरची खूण हे सगळं होतं तसंच राहावं. खाली जे सांगतो आहे ते याच मतावर उभं आहे.

आधी दोन निर्णय

दहाव्या-तेराव्याच्या धावपळीत हे काम काढू नका. त्या दिवसांत जो बरा फोटो हाताशी असेल तो साधा मोठा करून, पाट मांडून त्यावर ठेवावा. जोडफोटो वर्षश्राद्धापर्यंत सावकाश करावा. फोटो शोधायलाच वेळ लागतो आणि खरे फोटो गावी, माहेरच्यांकडे, धाकट्या आत्याच्या कपाटात असतात.

दुसरा निर्णय जास्त नाजूक आहे. दोघांपैकी एक हयात असेल, तर हार घालायच्या फोटोत त्यांना बसवू नये. जिवंत माणसाच्या फोटोला हार पडलेला घरातल्या मोठ्यांना सहन होत नाही आणि तो मान राखायला हवा. अशा वेळी दोन प्रती वेगळ्या कराव्यात: गेलेल्या माणसाचा एकट्याचा फोटो हारासाठी, आणि दोघांचा जोडफोटो दिवाणखान्यात बिनहाराचा. आणि जे हयात आहेत त्यांना न विचारता काहीच करू नये.

फोटो कुठे सापडतात

अल्बम उलगडण्याआधी कागदपत्रांची पिशवी उघडा. आजोबा सरकारी नोकरीत असतील तर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी पती-पत्नीचा एकत्र फोटो द्यावा लागतो. त्याची एखादी उरलेली प्रत पेन्शनच्या फाइलमध्ये किंवा पासबुकाच्या प्लास्टिकमध्ये सापडली, तर जोडायचं कामच उरत नाही, फक्त दुरुस्ती करायची. ते नसेल तर जुना एसटीचा पास, पासपोर्ट, सेवापुस्तकासाठी काढलेले फोटो पाहा. आधारकार्डावरचा फोटो मात्र शेवटचा पर्याय समजा. तो बारीक असतो आणि छपाईत आणखी खराब झालेला असतो.

आजीसाठी तिच्या माहेरी विचारा. तिच्या भावांच्या लग्नातल्या ग्रुप फोटोत ती नक्की असते. गावातला जुना स्टुडिओ अजून चालू असेल तर निगेटिव्ह आहे का हेही विचारा. निगेटिव्ह मिळाली तर ती कुठल्याही छापील प्रतीपेक्षा सरस.

जेवढे मिळतील तेवढे सगळे फोटो एका टेबलावर मांडा आणि मग जोडी जमवा. जोडी जमवणं हाच या कामाचा गाभा आहे. कॉम्प्युटरवर पुढे जे होतं ते त्यामानाने सोपं. पाहायच्या गोष्टी अशा:

वय. आजोबा चाळिशीत गेले आणि आजी ऐंशीपर्यंत जगली, तर दोघांचे शेवटचे फोटो शेजारी ठेवल्यावर ती त्यांची आई वाटते. दोघं हयात असतानाच्या काळातला आजीचा फोटो घ्या, तो कितीही लहान असला तरी. यानेच कुंकवाचा प्रश्नही सुटतो. नवऱ्यामागे काढलेल्या तिच्या फोटोत कपाळ मोकळं असतं, आणि मग घरात "कुंकू लावून द्या ना" अशी मागणी येते. ब्रशने कुंकू, मंगळसूत्र चढवण्यापेक्षा तिने ते खरोखर ल्यालेला फोटो शोधणं कधीही चांगलं.

नजर आणि मान. दोघंही समोर बघत असले तर उत्तम. किंचित एकमेकांकडे वळलेले असले तरी छान. पाठ फिरवल्यासारखी, बाहेरच्या बाजूला वळलेली तोंडं कितीही कौशल्याने जोडली तरी भांडण झाल्यासारखी दिसतात.

प्रकाश. नाकाची सावली कुठे पडली आहे ते पाहा, आणि डोळ्यातला पांढरा ठिपका कोणत्या बाजूला आहे ते पाहा. दोघांमध्ये तो एकाच बाजूला असेल तर अर्धं काम झालं. जुन्या स्टुडिओत दिवा वरून, एका कुशीने असायचा. कॅमेऱ्याच्या फ्लॅशने काढलेल्या फोटोत चेहरा सपाट उजळतो आणि मागे काळी सावली पडते. हे दोन प्रकार एकत्र नांदत नाहीत. त्यापेक्षा अंगणात, सावलीत काढलेला फोटो कुणाशीही जमतो.

अंतर. हात लांब करून मोबाइलवर काढलेल्या सेल्फीत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. पाच-सहा फुटांवरून काढलेल्या स्टुडिओ फोटोशेजारी तो चेहरा परका वाटतो.

स्कॅन

मूळ फोटो कुणाकडूनही व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून मागवू नका, त्यात तो आकसतो. डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने मागवा. शक्य तिथे फोटो स्वतः आणून फ्लॅटबेड स्कॅनरवर स्कॅन करा. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० ठिपके) पुरतं. पासपोर्ट आकाराचा, म्हणजे ३५ × ४५ मिलिमीटरचा फोटो १२०० डीपीआयवर घेतला की साधारण १६५० × २१२५ पिक्सेल मिळतात. त्याहून वर गेलं तर चेहऱ्याचा तपशील वाढत नाही, कागदाचं पोतच मोठं होतं. स्कॅनरमधलं 'शार्पनिंग' आणि 'ऑटो कलर' बंद ठेवा आणि फाइल टिफमध्ये (दर्जा न घटवणाऱ्या फाइल-प्रकारात) साठवा. काळा-पांढरा फोटोसुद्धा रंगीत मोडमध्येच स्कॅन करा. पिवळे डाग वेगळे काढायला त्याचा उपयोग होतो.

काही जुन्या प्रिंटच्या कागदावर मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी असते. ती स्कॅनमध्ये चमकते आणि चेहरा ठिपक्यांनी भरतो. असा फोटो एकदा सरळ आणि एकदा उलटा, म्हणजे १८० अंशात फिरवून स्कॅन करा. मग दुसरा स्कॅन सरळ करून पहिल्यावर नेमका बसवा आणि त्याची अपारदर्शकता ५० टक्के करा. दोन्ही बाजूंची चमक एकमेकींना बरीचशी पुसून टाकते.

कोकणात, दमट घरात हटकून दिसणारी अडचण म्हणजे फोटो चौकटीच्या काचेलाच चिकटलेला असतो. तो सोलायला जाऊ नका, चेहऱ्याचा थर काचेवर राहतो. काचेसकट स्कॅन करा, किंवा खिडकीशेजारी उभा ठेवून, काळं कापड अंगावर घेऊन, चांगल्या कॅमेऱ्याने समोरून फोटो काढा. काळ्या कापडामुळे काचेत तुमचं प्रतिबिंब पडत नाही.

छपाईचा आकार आधी ठरवा

दोघांसाठी आडवा फोटो सोयीचा. १८ × १२ इंच, ३०० डीपीआय म्हणजे ५४०० × ३६०० पिक्सेलची फाइल. त्यात हनुवटीपासून डोक्यापर्यंतचा भाग साधारण ४ इंच, म्हणजे १२०० पिक्सेल येतो. आता आजीचा फोटो ग्रुपमधला असेल आणि तिचा चेहरा प्रिंटवर जेमतेम १ सेंटिमीटर असेल, तर १२०० डीपीआयवर तिचे सुमारे ४७० पिक्सेलच मिळतात. तो चेहरा अडीच पट ताणून मोठा केला तर धूसरच होणार. इथे मोठ्या फोटोचा हट्ट सोडा आणि १० × ८ इंच करा. लहान, स्पष्ट फोटोला रुंद माउंट (फोटोभोवतीची पुठ्ठ्याची पट्टी) लावून मोठी चौकट देता येते.

चेहरा मोठा आणि 'एचडी' करून देणारी जी एआय अ‍ॅप निघाली आहेत, त्यांबद्दल स्पष्ट सांगतो: चेहऱ्यासाठी ती वापरू नका. हरवलेला तपशील ती परत आणत नाहीत, असंख्य इतर चेहरे पाहून शिकलेला तपशील रचून भरतात. पापण्या सुंदर येतात, दात एकसारखे येतात आणि आजी मात्र निघून जाते. शिवाय घरच्या माणसांचे चेहरे कुठल्यातरी अनोळखी सर्व्हरवर जातात ते वेगळंच. पार्श्वभूमीवरचा डाग काढायला अशी साधनं वापरली तर माझी हरकत नाही.

जुळवणी

फोटोशॉप असेल तर ठीक. नसेल तर गिम्प फुकट आहे आणि फोटोपी ब्राउझरमध्येच चालतं. तिन्हीत लेयर (एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर) आणि लेयर मास्क आहेत, तेवढं पुरे.

प्रत्येक फोटो स्वतंत्र लेयरवर आणा. कापताना इरेझर वापरू नका, मास्क वापरा. मास्कवर काळं फिरवलं की भाग झाकला जातो, पांढरं फिरवलं की परत येतो, त्यामुळे काहीच कायमचं जात नाही. अंगाच्या कडेला १-२ पिक्सेलचं फेदर (कडेचा मऊपणा) द्या.

केस कापणं सगळ्यांना अवघड जातं, विशेषतः पिकलेले. त्यावर सोपा उपाय असा की नवी पार्श्वभूमी मूळ फोटोच्या पार्श्वभूमीच्या छटेजवळची ठेवायची. ज्याचे केस जास्त अवघड त्याच्या फोटोची छटा निवडा. मग केसांभोवतीची थोडी जुनी पार्श्वभूमी राहिली तरी ती नव्यात मिसळून जाते आणि एकेक केस कोरत बसावं लागत नाही. मध्यम करडी, खांद्यांच्या मागे किंचित उजळ, कडांना गडद अशी पार्श्वभूमी जुन्या स्टुडिओ फोटोंना शोभते. शुभ्र पांढऱ्यावर चेहरे कात्रीने कापून चिकटवल्यासारखे दिसतात.

डोक्यांचा आकार डोळ्यांवरून जुळवा. मोठ्या माणसांत दोन बुबुळांमधलं अंतर सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं आणि स्त्री-पुरुषांत फार फरक नसतो. दोघंही समोर बघत असतील तर हे अंतर जवळपास सारखं करा, आजीचं कणभर कमी. मग उंची. आजी ठेंगणी असेल तर तिचे डोळे आजोबांच्या डोळ्यांपेक्षा खाली येऊ द्या. त्यांची खरी ठेवण माहीत असलेल्या माणसाला विचारा: ती त्यांच्या खांद्याला लागायची की कानाला? एका रेषेत बसवलेली डोकी ओळखपत्रांसारखी दिसतात.

बाजू परंपरेने ठरलेली आहे. पत्नी पतीच्या डाव्या हाताला, म्हणजे बघणाऱ्याच्या उजवीकडे. त्यासाठी फोटो आरशासारखा उलटा करायचा मोह होतो, तो टाळा. पदर डाव्या खांद्यावरून उजव्यावर जातो, नथ दुसऱ्या नाकपुडीत जाते, सदऱ्याचा खिसा आणि केसांचा भांग बाजू बदलतात. शिवाय कुठलाच चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. उलटा केलेला चेहरा घरच्यांना "काहीतरी वेगळं" वाटतो आणि काय ते सांगता येत नाही. नजरेची दिशा परंपरेशी जुळत नसेल तर मी बाजू बदलेन, माणूस उलटा करणार नाही.

खांदे एकमेकांवर थोडे येऊ द्या, जवळीक तिथूनच दिसते. ग्रुप फोटोतून घेतलेल्या माणसाचा एक खांदा बहुधा दुसऱ्या कुणामागे लपलेला असतो. तो खांदा जोडीदाराच्या मागे जाईल अशी रचना केली की उणीव झाकली जाते. पुढच्या खांद्याची पुसट सावली मागच्या अंगावर पडायला हवी: मध्ये एक नवा लेयर, मोड (खालच्या लेयरमध्ये मिसळायची पद्धत) मल्टिप्लाय, मऊ काळा ब्रश, अगदी कमी ओपॅसिटी (अपारदर्शकता). छातीखालचं अंग एका फोटोत नसेल तर दोघांचंही अंग खाली हळूहळू पार्श्वभूमीत विरू द्या. जुने फोटोग्राफर अर्ध्या अंगाच्या फोटोत असंच करायचे आणि ते आजही खानदानी दिसतं. दुसऱ्याच माणसाचं धड आणून जोडणं मात्र नको.

रंग आणि पोत

एक फोटो काळा-पांढरा असेल तर दोन्ही काळे-पांढरे करा. काळ्या-पांढऱ्याला रंग भरायला गेलं की साडीचा रंग आपण कल्पनेने ठरवणार, आणि आत्या म्हणणार की अशी साडी आईकडे नव्हतीच.

रंगीत फोटो काळा-पांढरा करताना नुसतं 'डीसॅच्युरेट' दाबू नका. चॅनेल मिक्सरमध्ये, गिम्पमध्ये मोनो मिक्सरमध्ये, हिरवा चॅनेल (फोटोतला फक्त हिरव्या प्रकाशाचा भाग) मुख्य ठेवा. लाल चॅनेल घेतला तर त्वचा छान गोरी-गुळगुळीत होते, पण कुंकू जवळजवळ नाहीसं होतं, कारण लाल वस्तू त्या चॅनेलमध्ये उजळ दिसते. निळ्या चॅनेलमध्ये उलट, चेहरा काळवंडतो आणि खरखर वाढते. हिरव्यात कुंकू ठसठशीत राहतं आणि त्वचाही नैसर्गिक येते. लालसर पडलेल्या जुन्या रंगीत प्रिंटसाठीही हाच चॅनेल बहुधा कामी येतो.

मग कर्व्हने (उजळ-गडद बदलणाऱ्या वक्ररेषेने) दोघांची छटा जुळवा. सगळ्यात काळा भाग, म्हणजे केसांची खोल सावली, दोघांत ० (काळा) ते २५५ (पांढरा) या मापात २०-२५ च्या आसपास. सगळ्यात पांढरा, म्हणजे सदरा किंवा टोपी, २३५-२४० च्या वर नको. गालांची तुलना करताना मूळ वर्णातला फरक पुसू नका. आजोबा सावळे असतील तर सावळेच राहू देत.

एक फोटो स्पष्ट आणि दुसरा मऊ असेल तर मऊला धारदार करण्याऐवजी स्पष्टाला थोडं मऊ करा. अर्ध्या ते दीड पिक्सेलचा गॉशियन ब्लर पुरतो. शेवटी सगळ्याच्या वर एक बारीक दाण्याचा, म्हणजे नॉइजचा लेयर आणि एकच कर्व्ह घाला. सारखा दाणा पडला की डोळ्यांना तो एकच फोटो वाटू लागतो. हवा असेल तर किंचित तपकिरी झाक द्या.

प्रकाशात थोडा फरक उरलाच, तर ५० टक्के करड्या रंगाचा लेयर घेऊन मोड सॉफ्ट लाइट करा आणि ५-१० टक्क्यांच्या ब्रशने पांढरं-काळं फिरवत गालाची एक बाजू जरा उजळ, दुसरी जरा गडद करा. हात हलका हवा.

दुरुस्ती कुठे थांबवायची

ओरखडे, बुरशीचे डाग, घडीची रेघ, गंज लागलेल्या टाचणीचं भोक, हे हीलिंग ब्रशने वेगळ्या लेयरवर काढा. सुरकुत्या, तीळ, देवीचे व्रण राहू द्या. विशेष सांभाळायचं ते गोंदण. आजीच्या कपाळावरचे, हनुवटीवरचे हिरवट ठिपके जुन्या फोटोत डागासारखेच दिसतात आणि ऑटोमॅटिक दुरुस्ती ते सरळ पुसून टाकते. स्टुडिओवाल्याला माहीतच नसतं की ते गोंदण आहे. काम बाहेर देणार असाल तर फोटोच्या एका प्रतीवर अशा खुणांभोवती लाल गोल करून द्या. आणि स्पष्ट सांगा: चेहरा गोरा-गुळगुळीत करायचा नाही, कपडे बदलायचे नाहीत, फोटो उलटा करायचा नाही, लेयरसकट फाइल हवी. मूळ फोटो हातातून सोडू नका, स्कॅन पेनड्राइव्हवर द्या.

छापण्याआधी दोन-तीन वडीलधाऱ्यांना दाखवा. मोबाइलवर दाखवू नका, छोटी प्रिंट काढून हातात द्या. "कसा वाटतो?" असं विचारलं की सगळे छान म्हणतात. "ओठ असेच होते का? टोपी अशीच घालायचे का? आजी जास्त उंच वाटते का?" असं विचारा. ज्यांनी त्यांच्याबरोबर संसार पाहिला त्यांचं म्हणणं मोजमापापेक्षा वरचं धरा.

नाव आणि तारखा

नावं फोटोवर हवीत की खालच्या माउंटवर, हे हार कुठवर येतो ते पाहून ठरवा. चंदनाचा हार चौकटीच्या दोन्ही बाजूंनी उतरतो आणि खालचा मधला भाग झाकतो. म्हणून डोक्यांच्या वर आणि दोन्ही कडांना मोकळी जागा सोडा. नावं माउंटवर, हाराच्याही खाली, अगदी तळाशी.

नावाआधी काय लिहायचं ते घराच्या रीतीप्रमाणे: कै. किंवा स्व., वारकरी घरात वै., लिंगायत कुटुंबात लिंगैक्य, बौद्ध कुटुंबात कालकथित. पतीच्या हयातीत गेलेल्या स्त्रीला कै. सौ. लिहितात, त्यांच्यामागे गेली असेल तर कै. श्रीमती. तारखेबरोबर तिथीही लिहिलेली बरी, कारण श्राद्ध तिथीवर असतं आणि पुढच्या पिढीला ती शोधावी लागत नाही. अक्षर साधं, मध्यम जाडीचं. सोनेरी, उठावाचं अक्षर चेहऱ्यांवरून लक्ष ओढतं.

छपाई आणि चौकट

फाइल एसआरजीबी या रंगपद्धतीत, सर्वोच्च दर्जाच्या जेपीजीत द्या. स्क्रीन उजळ असल्याने प्रिंट अपेक्षेपेक्षा गडद येते. आधी चेहऱ्याचा तुकडा खऱ्या आकारात छापून पाहा आणि मगच पूर्ण फोटो द्या. कागद मॅट घ्या, समोरच्या ट्यूबलाइटची चमक पडत नाही.

चौकटीत फोटो काचेला टेकता कामा नये. मध्ये आम्लविरहित माउंट बोर्ड लावला की दोन्हींत फट राहते आणि पावसाळ्यात फोटो चिकटत नाही. मागची बाजू टेपने बंद करून घ्या. ताज्या फुलांचा हार ओला असतो, तो संध्याकाळी काढावा. गंध-अक्षता काचेवर लावताना पाणी कडेच्या फटीत उतरणार नाही एवढं पाहावं. भिंत पुष्कळ घरांत दक्षिणेची निवडतात. देवघरात मात्र हा फोटो ठेवत नाहीत. थेट ऊन येणारी भिंत टाळा.

चौकट बंद करण्याआधी मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहा: हा फोटो दोन वेगळ्या फोटोंतून जोडला आहे, कोणता कधीचा आणि कुणाकडून मिळाला, जोडला कोणत्या साली. पन्नास वर्षांनी हा कुणाच्या हाती पडला तर त्याला तो खराच एकत्र काढलेला फोटो वाटू नये. लेयरसकट फाइल आणि मूळ स्कॅन दोन ठिकाणी साठवा, आणि भावंडांसाठीच्या प्रती त्याच लॅबमधून एकदमच छापून घ्या, म्हणजे छटा बदलत नाही. हा फोटो नातेवाइकांकडे गेला की बहुधा कुणीतरी आजीचा याहून चांगला फोटो काढून देतंच. लेयर शाबूत असतील तर तेवढा एकच बदलायचा आणि पुन्हा छापायचा.